मंदा वर गेली

कडब्यानं भरलेल्या ट्रॉल्या गेवराईच्या हायवेवरून जायला लागल्या की माझ्या स्टुडिओच्या काचेवर पिवळा भुसा बसतो. पुसला की पुन्हा बसतो. शेवटी मी फडकं ठेवून देते आणि दारात उभी राहून तो वास घेते. वाळलेल्या ज्वारीच्या ताटांना एक गोडसर, घशात जरा खवखवणारा वास असतो. शहरातून आलेल्या पाहुण्यांना त्यानं शिंका येतात. मला भूक लागते.

सुगी आली. सकाळी गोधडी सोडवत नाही आणि दुपारी पंख्याखालून उठवत नाही असे हे दिवस. दहावीच्या पोरी घट्ट वेण्या घालून पेपरला जातात, जाताना ओठ हलत असतात. रानात ज्वारी आडवी होते. ऊस तोडायला गेलेल्या टोळ्या एकेक करून परतायला लागतात. दारांची कुलपं उघडतात, चुली पेटतात, आणि दिवाळीनंतर अर्धं झालेलं गाव पुन्हा पुरतं होतं. धान्य घरात येतं म्हणून लोक सुगीवर खूश असतात. मी खूश असते ती गाव भरतं म्हणून.

या दिवसांत मी सारखी वर बघते. शेजारचा रसवंतीवाला विचारतो, "ताई, ढग हायेत का ओ?" मी नाही म्हणते. एका सुगीत मी ज्या आभाळात जाऊन आले, ते आभाळ जागेवर आहे ना, एवढंच बघत असते. असं बोलून दाखवलं तर बढाई वाटेल. वाटू दे. आमच्या भागात फुग्यातून फोटो काढलेली बाई मी एकटी आहे, आणि त्याबद्दल मला खोटा विनय करता येत नाही.

फुगा आला तो आबासाहेबांच्या वाढदिवसाला. आबासाहेब आमच्या भागातले पुढारी. त्यांच्या विरोधकांनी आदल्या वर्षी हेलिकॉप्टरमधून फुलं उधळली होती, त्यामुळे यांच्या कार्यकर्त्यांना काहीतरी वरचढ करून दाखवणं भाग होतं. कुणीतरी मोबाईलवर परदेशातला गरम हवेचा फुगा बघितला आणि ठरलं. हायवेलगतचं एक रान रोलर फिरवून सपाट केलं, मांडव घातला, आणि राजस्थानकडून एक पायलट आपला फुगा ट्रकमध्ये घालून घेऊन आला. त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. पहिले काही दिवस फुगा दोरांना बांधलेला होता. माणसं टोपल्यात चढायची, झाडाच्या शेंड्याएवढी वर जायची, सेल्फी काढायची आणि पांढऱ्या तोंडानं खाली उतरायची. शेवटच्या दिवशी सकाळी मात्र दोर सोडून फुगा मोकळा उडवायचा होता. आबासाहेब स्वतः बसणार होते, आणि फोटो काढायला त्यांच्याबरोबर मी. शहरातली ड्रोनवाली पोरं रांगेत होतीच, पण आबासाहेबांच्या लग्नाचे फोटो माझ्या वडिलांनी काढले होते. तेवढा मान त्यांनी राखला.

माझे वडील म्हणजे नाना. तलवाड्याच्या अलीकडं आमचं छोटं गाव आहे, तिथं आणि आसपासच्या सगळ्या वाड्यावस्त्यांवर ते फोटूवाले नाना म्हणूनच ओळखले जातात. सायकलला कॅमेऱ्याची पेटी बांधून त्यांनी उभी हयात काढली. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप, नवा बैल, नवा ट्रॅक्टर, परदेशी निघालेला गावातला पहिला पोरगा. मयताच्या घरीसुद्धा त्यांनाच बोलावणं यायचं, कारण कित्येक माणसांचा जिवंतपणी फोटोच निघालेला नसायचा. रडणाऱ्या भाऊबंदांना "जरा सरका, उजेड येऊ द्या" असं सांगायची छाती फक्त नानांची. आणि लोक सरकायचे. लहानपणी मला वाटायचं, माझे वडील म्हणतील तिकडं माणसं सरकतात, म्हणजे ते गावाचे कुणीतरी मोठे अधिकारी असणार.

कॅमेरा मी त्यांच्याकडूनच शिकले. शाळेत म्हणून कधी शिकले नाही एवढं त्या सायकलच्या नळीवर बसून शिकले. पण वरून बघायची चटक मला लागली ती कडब्याच्या गंजीवर. सुगीत खळ्याशेजारी गंज रचली जायची, घरापेक्षा उंच. भावंडं तिच्यावरून घसरत खाली यायची आणि मी मात्र वर बसून राहायची. तिथून आमचं माळवद दिसायचं, माळवदावर वाळत घातलेल्या कुरडया दिसायच्या, शेजारच्या घराच्या मागं लपून विडी ओढणारा चुलता दिसायचा. खालून ज्या गावाची मला भीती वाटायची, ते वरून चांगलं ओळखीचं वाटायचं. कडब्याची पानं मानेला टोचायची, अंगाला खाज सुटायची, आणि माय खालून ओरडायची, "उतर गं, पडून हातपाय मोडून घेशील." मी काही पडले नाही.

नानांची एक इच्छा राहिली होती. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, गुडघे बोलायला लागले, सायकल माळ्यावर गेली, तरी ती इच्छा सुटली नव्हती. "मी समद्यांना काढलं," ते म्हणायचे, "पर गाव काढलं न्हाई. समदं गाव, एका फोटूत. एकबी माणूस मागं राह्याला नाई पायजे." एकदा त्यासाठी ते पाण्याच्या टाकीवरही चढले होते. फोटो धुऊन आले तर त्यात नुसते पत्रे आणि माळवदं. माणसं होती, पण टोप्या आणि पदर एवढीच. नानांनी तो फोटो बाजूला सारला होता. "वर बघत्याल तर तोंडं येतील. न्हाईतर काय, हे समदं टाळक्यांचं दुकान."

म्हणून फुग्याची बातमी ऐकल्यापासून त्यांना झोप नव्हती. कॅप्टन म्हणाला होता, त्या सकाळी वारा बहुधा तलवाड्याच्या दिशेनं असेल. म्हणजे फुगा आमच्या गावावरून जाणार. उसाच्या टोळ्या परतलेल्या, सुगी उरकत आलेली, गाव भरलेलं. गावानं फक्त एका जागी जमायचं होतं आणि वर बघायचं होतं. मी वरून फोटो काढणार.

एवढीच गोष्ट, पण आमच्या गावात ती सोपी नव्हती. गाव उतारावर आहे. वरली गल्ली आणि खालली गल्ली, आणि दोन्हीच्या सांध्यावर, लिंबाच्या पारापाशी, आमचं घर. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून या दोन गल्ल्यांचं जमत नाही. वरल्या गल्लीचे पुढारी बाजीराव तात्या, खालल्या गल्लीचे माणिक बापू. सख्खे चुलतभाऊ. होळ्या दोन, गणपती दोन, हरिनाम सप्ताहसुद्धा दोन. इकडचा माणूस तिकडच्या गल्लीत पाय ठेवत नाही. फक्त मयत झालं की सगळं बाजूला. मयताला आमंत्रण लागत नाही आणि वैरही चालत नाही, एवढं मात्र दोघंही मानतात.

नाना काठी टेकत आधी वर गेले. तात्या म्हणाले, "नाना, तुमचा शब्द मोडवत न्हाई, पर त्यो बाप्या फोटूत आसंल तर आमी न्हाई." मग नाना खाली आले. बापूंनी चहा पाजला, बिस्किटं पुढं केली आणि सांगितलं, "तुमी दोन फोटू काढा ना. आमचा येगळा, त्यांचा येगळा. कावून एकाचाच हट्ट धरताव?" नाना ओट्यावर येऊन बसले आणि बराच वेळ गुडघे चोळत राहिले. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "आयुष्यभर लोकान्ला सरका मनलो. समदे सरकले. आता कुणी जवळ सरकंना."

मला फार राग आला होता. ज्या माणसानं या गावातलं प्रत्येक लग्न, प्रत्येक मूल, प्रत्येक म्हातारं जपून ठेवलं, त्याच्यासाठी गावाला पाऊण घटका शेजारी उभं राहता येत नव्हतं. मी आदल्या दिवशी गेवराईला परत निघाले तेव्हा नाना दारापर्यंत आले. म्हणाले, "तू जा. जे आसंल ते काढ. टाळकी तर टाळकी."

इथं मला एका शब्दाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्या शब्दावरच घडलं. आमच्या गावात पूर्वी "वर गेली" म्हटलं की वरल्या गल्लीत गेली असा सरळ अर्थ होता. माय वर गेलीय, म्हणजे ताक आणायला गेलीय. पण निवडणुकीपासून खालच्यांनी वर जाणं सोडलं आणि वरच्यांनी खाली येणं. शब्दाचा तो अर्थ हळूहळू वापरातून गेला. राहिला फक्त दुसरा, जो सगळ्या मराठी मुलखाला ठाऊक आहे.

त्या सकाळी रानात पोचले तेव्हा दव पडलेलं होतं आणि फुगा जमिनीवर आडवा पसरलेला होता. मोठ्या पंख्यानं त्यात वारा भरत होते. कापड हळूहळू पोट धरायला लागलं, मग कॅप्टननं गॅसचा जाळ सोडला आणि तो सबंध फुगा एखादी म्हैस उठावी तसा आधी मागून, मग पुढून उठला. आबासाहेब पांढऱ्या कपड्यांत, गळ्यात हार, टोपल्यापाशी उभे. त्यांनी एकदा टोपल्याकडं बघितलं, एकदा वर बघितलं, आणि कपाळ पुसलं. "माझं बीपी जरा," ते म्हणाले, "फोटोग्राफर बाईंना जाऊ द्या. काम महत्त्वाचं." त्यांच्या माणसानं मला हळूच बजावलं, नदीकडं कॅमेरा फार वळवू नका ताई, वाळूचं उगं कायतरी निघतं. मी हो म्हटलं. घरी फोन केला, "नाना, निघाले मी," एवढं सांगून मोबाईल बंद करून पिशवीत टाकला आणि टोपल्यात चढले.

फुगा कधी उचलला ते कळलंच नाही. धक्का नाही, झोका नाही. मांडव खाली गेला, मग आबासाहेबांचा हार खाली गेला, मग हायवे. वर मला वाटलं होतं सोसाट्याचा वारा असेल, पण माझी ओढणीसुद्धा हलत नव्हती, कारण आम्ही वाऱ्याबरोबरच चाललो होतो. कॅप्टन जाळ सोडायचा तेव्हा भाकरी करताना तोंडाला लागते तशी धग लागायची, आणि पाय मात्र थंडीनं आखडलेले. जाळ बंद झाला की इतकी शांतता व्हायची की मला माझा श्वास ऐकू यायचा.

आणि मग खालचे आवाज. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वर सगळं ऐकू येतं. कुत्री, मोटारीची फटफट, कुणाच्या तरी कुकरची शिट्टी, "उठ की रे मुडद्या, पेपर हाय ना तुजा" असं एका आईचं ओरडणं, सगळं स्वच्छ, कानाशी बोलल्यासारखं. एका माळावर मेंढरं चरत होती. फुग्याची सावली त्यांच्यावरून गेली आणि कळप उधळला. मेंढपाळ काठी उगारून म्हणाला, "ए फुगेवाले! रस्ता सोडून कुटं चाललाव? माजी मेंढरं कोण गोळा करील, तुजा आबासाहेब?" मी वरून माफी मागितली. ती त्याला ऐकू गेली की नाही देव जाणे, पण त्यानं हात हलवला.

उन्हं तिरपी होती. बांधाबांधावरच्या बाभळींच्या सावल्या लांब पडल्या होत्या. काढलेल्या ज्वारीची रानं फिकी पिवळी, त्यात पेंढ्यांच्या ओळी. मधे गव्हाचा हिरवा तुकडा, मधे ऊस, एका कडेनं कालवा. लांब तलवाड्याचा डोंगर. मी फोटो काढत सुटले. गोदावरीकडंही कॅमेरा वळवला, का वळवू नये? पात्रातले वाळूचे खड्डे त्या उजेडात फार स्पष्ट दिसत होते. ते फोटो माझ्याकडं आहेत. नदी काही आबासाहेबांच्या वाढदिवसाला आलेली नव्हती.

आता खाली गावात काय झालं ते सांगते. मला ते नंतर कळलं, पण तुम्हाला आधी कळलेलं बरं. माझी चुलती गयाकाकू, खालल्या गल्लीतली, पाण्याला जाता जाता, कळशी कमरेवर घेऊन, नातवाच्या बारशाचे फोटो न्यायला सकाळीच आमच्या दारात आली. नाना ओट्यावर बसले होते. तिनं विचारलं, "मंदी आलीय का ओ?" नाना म्हणाले, "कशाची येती? मंदा वर गेली की सकाळीच."

काकूनं कळशी तिथंच टाकली आणि बोंब मारत सुटली. नाना सांगतात की त्यांनी मागून हाका मारल्या. गावातल्या एकाही माणसाला मात्र त्या हाका ऐकू आल्याचं आठवत नाही. खालली गल्ली आधी आली. मग वरली. रानात निघालेल्या बाया कोयते कमरेला खोचूनच आल्या. तात्या आले, बापू आले. मयतीच्या दारात बसतात तशी माणसं बसली, पुरुष लिंबाखाली, बाया ओट्यापाशी मायला घेरून. माय सांगायला बघत होती, "आगं बायान्नो, तसं न्हाई," पण तिला कुणी बोलू देईना. प्रत्येक बाई तिच्या गळ्यात पडून तिचं बोलणं स्वतःच्या हुंदक्यात बुडवत होती. शेवटी मायला हसू आवरेना. तिनं पदर तोंडात कोंबला, खांदे हलायला लागले, आणि बाया आणखीच रडायला लागल्या. तोवर वरल्या गल्लीतल्या कुठल्याशा पोरानं मोबाईलवर माझा फोटो टाकून भावपूर्ण श्रद्धांजलीही वाहिली होती. "तालुक्याच्या नामवंत छायाचित्रकार" असं त्यात लिहिलं होतं. जित्या मंदाला या गावानं कधी नामवंत म्हटलं नव्हतं. ते वाचून मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही.

पण त्या वेळी वर मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. गाव दिसायला लागलं तेव्हा मी टाकी ओळखली, शाळा ओळखली, लिंब ओळखला. मग आमच्या दारातली गर्दी दिसली. पांढऱ्या टोप्या एकीकडं, बाया एकीकडं. अशी माणसं बसण्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. नाना, मला वाटलं. रात्रभर झोपले नसतील, गावानं त्यांचा शब्द ठेवला नाही, तेच मनाला लागलं असेल, आणि मी इथं वर तरंगतेय. मी कॅप्टनला म्हटलं, खाली घ्या, आत्ताच्या आत्ता खाली घ्या. तो म्हणाला, "इथं घरं आहेत दीदी, तारा आहेत. पुढं रानात उतरवतो." आणि फुगा खाली जाऊ नये म्हणून त्यानं जाळाची दोरी ओढली.

लिंबाच्या शेंड्यावर जाळ धडाडला. सगळं गाव एकदम वर बघायला लागलं.

मी लांबची लेन्स लावलेला कॅमेरा डोळ्याला लावला होता तो फोटोसाठी नाही, नाना शोधायला. तोंडं दिसली. इतकी तोंडं, सगळी वर. आणि ओट्याच्या पायरीवर उभे असलेले नाना. त्यांना बघितल्यावर मी जे ओरडले ते सगळ्या गावानं ऐकलं. खालून गयाकाकूचा आवाज आला, "आगं बया! मंदी! आगं ही तर खरंच वर हाय!" माझं बोट बटणावरच होतं. ते दाबलं गेलं, आणि दाबतच राहिलं. डोळ्यांत पाणी होतं, नीट दिसत नव्हतं, तरी हात स्थिर होता. नानांनी शिकवलेला हात आहे तो.

गावाबाहेर माणिक बापूंच्याच रानात, ज्वारीच्या धसकटांवर, टोपलं दोनदा उसळून टेकलं. फुगा आडवा झाला. तोवर गाव पळत आलं होतं, आणि सगळ्यांत पुढं बाजीराव तात्या. त्यांचा आवाज चढलेला होता. मागून कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून नाना आले, तसे तात्या त्यांच्यावर फिरले, "नाना, जित्या पोरीच्या मयताला बोलीवताव व्हय? लाज न्हाई वाटली?"

"मी कुणाला बोलीवलं?" नाना म्हणाले. "वर गेलती, वर गेली मनलो. तुमाला वर मनलं की येकच ठाव म्हाईत, त्याला मी काय करू?"

मग वरल्या गल्लीतली एक थकली म्हातारी, तोंडात दात नाही, ती खुदकन हसली. तिच्यामागून हसू सगळ्या रानभर गेलं. माणिक बापू हसता हसता धसकटांत खाली बसले. तात्यांनी बराच वेळ तोंड वाकडं धरून ठेवलं, पण त्यांच्याही मिशा हलायला लागल्या. मग प्रश्न आला तो टोपल्याचा. फुग्यामागून आलेली पिकअप रस्त्यावर उभी, रान मऊ, ती आत येणार नाही. टोपलं, सिलिंडर, तो भलामोठा फुगा, सगळं उचलून न्यायचं. तात्यांनी धोतराचा काचा मारला आणि बापूंना म्हणाले, "ऊठ बे. खांदा द्यायलाच आलतो ना? मंग दे आता हिच्या टोपल्याला." दोघांनी दोन बाजू धरल्या. वरली गल्ली आणि खालली गल्ली एका टोपल्याखाली वाकून रस्त्यापर्यंत गेली, आणि माय शेवटी पोट धरून मोकळी हसली.

मोठं काही झालं, गाव एक झालं, असं सांगायचा मोह होतो. तसं नाही. पुढच्या ग्रामसभेत तात्या आणि बापू पुन्हा पाण्याच्या पाइपलाइनवरून भांडले. होळ्या अजून दोनच पेटतात. पण मायला ताक हवं असलं की ती आता वर जाते, आणि "वर चाललेय गं" असं मुद्दाम मोठ्यानं सांगून जाते. बाया हसतात. कॅप्टन जाताना मला म्हणाला की त्यानं पुष्कळ गावांवरून फुगा नेला, पण सगळं गाव असं एका ठिकाणी उभं राहून वर बघताना त्याला कुठं दिसलं नाही. मी त्याला खरं काय ते सांगितलं नाही. आमच्या गावाची पद्धतच तशी आहे, म्हटलं.

त्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर लॅपटॉप उघडला. पुन्हा गाव लोटलं. जो तो पडद्यावर बोट ठेवून स्वतःला शोधत होता. हा मी. ही बघ तुजी माय, कोयता खोचून. तात्या आणि बापू शेजारी शेजारी, दोघांचीही तोंडं उघडी. वरल्या गल्लीतला एकही माणूस सुटला नव्हता, खालल्या गल्लीतलाही नाही. नाना मागं बसून एकेक नाव घेत होते, आणि प्रत्येक नावाला माझी छाती भरून येत होती. त्यांनी हयातभर मागितलेला फोटो मी काढला होता. मी, त्यांच्या मुलीनं.

लोक पांगले तेव्हा मी पडद्यावर फोटो मोठा करून त्यातल्या ओट्याच्या पायरीपर्यंत सरकवला. सगळं गाव होतं तसं उठून आलेलं: कुणाच्या अंगात बनियन, कुणाचे केस विस्कटलेले, कुणाच्या हाताला पीठ. मधोमध नाना. त्यांच्या अंगात लग्नाकार्यात घालायचा काळा कोट होता, बटणं लावलेली. केस ओले करून नीट बसवलेले. हात सरळ, डोळे थेट माझ्या कॅमेऱ्यात. घाबरलेल्या, रडवेल्या गावात एकटा माणूस फोटोसाठी तयार होऊन उभा होता. गयाकाकूनं कळशी टाकल्यापासून फुगा येईपर्यंत कोट पेटीतून काढून, झटकून, घालायला त्यांना वेळ मिळाला होता. खरं काय ते लोकांना सांगायला मात्र मिळाला नव्हता.

मी वळून त्यांच्याकडं बघितलं. ते पडद्याकडं बघत होते, चष्मा कपाळावर सारून, त्या चांगल्या डोळ्यानं.

"मला कुणी कवा काढलंच न्हाई गं," ते म्हणाले. "मीच काढायचो ना."

त्यांच्यापुरती चौकट आखून तेवढाच भाग वेगळा करावा, मोठा प्रिंट काढावा, फ्रेम करून त्यांना द्यावा, असं मनात आलं. मी तशी चौकट आखायला लागले, तसा त्यांनी माझा हात धरला.

"कापू नको," नाना म्हणाले. "गावासंगंच राहू दे मला."